शाळेतलं नोंदींचं अॅप: आठ महिने वापरून

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आठवी ते दहावी. जुलैमध्ये एका संस्थेनं मुलांच्या वागण्याच्या नोंदी ठेवायचं अॅप फुकट बसवून दिलं. मुलांनी नाव न देता कळवायचं, शिक्षकांनी मुलाच्या नावापुढे दोन ओळी टाकायच्या. एकाच मुलाच्या तीन नोंदी जमल्या की, किंवा गंभीर प्रकाराची एकच असली तरी, मुख्याध्यापकांच्या आणि माझ्या फोनवर सूचना येते. समुपदेशन माझ्याकडे आहे, म्हणजे इतिहास शिकवून वेळ उरला तर.

आधी रडगाणं. भिंतींवर क्यूआर कोड चिकटवले, पण पोरांकडे फोन कुठून येणार? फोन बापाचा, तो संध्याकाळी वावरातून घरी येणार, आणि पोरीनं काय लिहिलं ते त्याच फोनात राहणार. पहिल्या दोन महिन्यांत चार संदेश आले, त्यातले दोन माझ्या गृहपाठाबद्दल. शेवटी जुनी तक्रारपेटी बाहेर काढली. सरकारनं 2017 मध्येच ती बसवायला सांगितली होती; आमची ऑफिसात, शिपायाच्या खुर्चीमागे टांगलेली! मुलींच्या पाण्याच्या टाकीजवळ नेली तशा चिठ्ठ्या पडायला लागल्या. त्या मीच अॅपमध्ये चढवते.

प्रकारांची यादी कुठल्यातरी मोठ्या शहरात बसून केलेली दिसते. खर्रा, म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी, त्यात नाहीच. विदर्भातल्या शाळेसाठी अॅप आणि खर्रा नाही! नववीतल्या एकाच्या दप्तरात पन्नी सापडली म्हणून मी ‘अमली पदार्थ’ निवडलं, तर रात्री साडेनऊला मुख्याध्यापकांचा फोन लाल सूचना देत ओरडायला लागला. ते जेवत होते. दुसऱ्या दिवशी मला ऐकून घ्यावं लागलं. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, पण पानठेला फाटकातून दिसतो. त्यासाठी मात्र कुठलं बटण नाही.

तरी मी हे अॅप काढू देणार नाही, आणि त्याचं कारण डिसेंबरमधलं आहे. दहावीतला एक मुलगा. गणिताच्या सरांनी लिहिलं, तासाला झोपतो. पीटीच्या सरांनी लिहिलं, मैदानावर उतरत नाही. मी लिहिलं, मधल्या सुट्टीत एकटा बसतो. तिघांनीही आपापल्या परीनं ‘आळशी’ म्हणून सोडून दिला असता. अॅपनं ‘उदासीनता, मध्यम धोका’ असा शिक्का मारला, तोही चूकच. विचारलं तर म्हणाला, "रातभर जागलीले जातो जी मॅडम. हरभऱ्यात डुकरं येतेत." बाप आजारी, मोठं कोणी नाही. काकाशी बोलून जागलीच्या पाळ्या लावल्या. पहिले दोन तास त्याला मागच्या बाकावर झोपू दिलं. इलाज म्हणजे एवढाच.

दुसरी एक चिठ्ठी मुलीची होती, घरातल्याच माणसाबद्दल. याहून जास्त इथं लिहिणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, गावात बोभाटा होईल, दोन दिवस थांबू. पण अॅपमध्ये सूचना उघडली की ‘पाहिलं’ दाबावं लागतं, आणि वेळ तिथं कायमची राहते. त्यांनी दाबलं होतं, सायंकाळी 6.40 ला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात कळवणं ऐच्छिक नाही. माहीत असून दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवत असेल तर एक वर्षापर्यंत. मी त्यांना 6.40 चा आकडा दाखवला, बाकी काही बोलले नाही. त्याच रात्री पोलीस ठाण्यात कळवलं आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवरही.

बाकी किरकोळ: मराठी कीबोर्ड अडखळतो, लाईट गेली की टॉवरही जातो आणि शनिवारची नोंद सोमवारी पोचते. लॉगिन महिन्यातून दोनदा विसरायला होतं.

पुढच्या वर्षी वर्गणी लागेल म्हणतात. गणिताचे सर म्हणतात, कशाला, स्टाफरूममध्ये एक वही ठेवा, तेवढंच काम होतं. वही आहे आमच्याकडे. 2019 पासून कोरी आहे.