कॅथेटरच्या टोकाचा ईसीजी घेणारी जोड-केबल: वापरानंतरचे मत

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली औषधाची नळी, म्हणजेच कॅथेटर) टाकून झाली, टाके बसले, ड्रेसिंगही झाले, आणि तरीही एक्स-रे येईपर्यंत तिच्यातून औषध सुरू करता येत नाही, ही अडचण अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. ती दूर करण्यासाठी आम्ही कॅथेटरच्या टोकाकडून ईसीजी घेणारी एक साधी जोड-केबल वापरू लागलो. ती घेण्यासारखी आहे, मात्र तिच्याकडून एकाच प्रश्नाचे उत्तर मागावे: टोक योग्य जागी पोहोचले का?

कॅथेटर सलाइनने पूर्ण भरायचे आणि त्याचे बाहेरचे टोक केबलने मॉनिटरच्या उजव्या हाताच्या लीडला (तारेला) जोडायचे, एवढीच तिची रचना आहे. सलाइनमधून वीज वाहते, त्यामुळे आतले टोकच इलेक्ट्रोडचे काम करते; सलाइनने भरलेल्या कॅथेटरमधून हृदयाच्या आतले विद्युतसंकेत नोंदवल्याचे वर्णन 1949 सालीच प्रसिद्ध झाले होते. मॉनिटरवरच्या लीड 2 या ईसीजी-रेषेवर नजर ठेवून कॅथेटर आत सरकवत गेले की ऊर्ध्व महाशिरेत (हृदयात वरून येणाऱ्या मोठ्या शिरेत) उतरताना पी लहर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची (अलिंदांची) ईसीजीवरची छोटी लहर, उंच होत जाते आणि महाशीर व उजवे अलिंद यांच्या संगमावर ती सर्वांत उंच होते. टोक त्याच्या पुढे गेले की पी लहरीच्या सुरुवातीला एक छोटा खालच्या दिशेचा खड्डा दिसतो. तो दिसला की खड्डा नाहीसा होईपर्यंत कॅथेटर हळूहळू मागे घ्यायचे. हे सारे निर्जंतुक कापड अंगावर असतानाच घडते, आणि मला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. एक्स-रेत चूक कळते तेव्हा सगळी मांडामांड पुन्हा करावी लागते. शिवाय एक्स-रेत हा संगम थेट दिसत नाही, श्वासनलिकेच्या दुभाजनावरून त्याचा अंदाजच बांधावा लागतो.

आमची केबल मात्र निर्दोष नाही. तिची चिमटी सैल आहे, आणि कॅथेटरमध्ये हवेचा एखादा बुडबुडा राहिला तरी लहर थरथरू लागते. सलाइनऐवजी डेक्स्ट्रोज भरले असल्यास संकेत नीट येण्याची आशाच करू नये. माहितीपुस्तिकेत एक महत्त्वाची सूचना नाही: मॉनिटर लहरीचा आकार आपोआप बदलत असेल, तर पी लहर खरोखर उंच झाली की केवळ पडद्यावरचे प्रमाण बदलले, हे कळत नाही. म्हणून आम्ही आधी प्रमाण पक्के करतो आणि त्वचेवरच्या इलेक्ट्रोडची एक मूळ पट्टी छापून समोर ठेवतो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (अलिंदे अनियमित थरथरतात तेव्हा) नेहमीची पी लहरच नसते, आणि पेसमेकरवर चालणाऱ्या हृदयातही ती भरवशाची नसते. अशा रुग्णांना आम्ही सरळ एक्स-रेकडे पाठवतो. पिक लाइन, म्हणजे हाताच्या शिरेतून टाकलेली सेंट्रल लाइन, मानेतल्या शिरेत वळली, तर पी लहर वाढत नाही एवढेच समजते. टोक कोठे गेले ते अल्ट्रासाउंड लावून शोधावे लागते. टोकाचा चुंबकीय माग आणि ईसीजी एकत्र देणारी यंत्रे ही उणीव भरून काढतात. त्यांपैकी शेरलॉक 3सीजीचा विचार प्रौढांमधील पिक लाइनसाठी पर्याय म्हणून करावा, असे ब्रिटनमध्ये वैद्यकीय मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने 2015 मध्ये सुचवले होते. जेथे लाइन एरवी अंदाजानेच टाकली जाते, तेथे अशा यंत्रामुळे खात्रीचा एक्स-रे बहुधा टाळता येतो.

मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून सुई घातली असेल, तर छातीच्या पोकळीत हवा शिरली आहे का, हे ही केबल सांगत नाही. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने सुंदर पी लहर पाहून एक्स-रेची मागणी रद्द केली होती. वरिष्ठ परिचारिकेने ती पुन्हा लिहायला लावली, आणि ते योग्यच झाले. पिक लाइनमध्ये ही भीती जवळपास नसल्यामुळे केबलचा खरा उपयोग तेथे होतो. त्यातही एक पथ्य पाळावे लागते: हात शरीराजवळ आणल्यावर टोक सहसा आत सरकते, म्हणून अंतिम पट्टी घेताना हात कोणत्या स्थितीत होता, ते पट्टीवरच लिहून ती केसपेपरला जोडावी.