डॉक्टरविरुद्ध तक्रार : मेडिकल कौन्सिल की ग्राहक आयोग?

उपचारात गडबड झाली की घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, ‘याचं लायसन्सच रद्द करायला हवं.’ दुसरा म्हणतो, ‘निदान झालेला खर्च तरी भरून घेऊ.’ या दोन मागण्यांची सुनावणी दोन वेगळ्या ठिकाणी होते, आणि एका ठिकाणी दुसरीकडची मागणी केली की काही वर्षं फुकट जातात.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल १९६५च्या राज्य कायद्याखाली काम करतं. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी इथे होते, दर पाच वर्षांनी नूतनीकरणही इथेच. तक्रार सिद्ध झाली तर कौन्सिल ताकीद देऊ शकतं, नोंदवहीतलं नाव काही काळासाठी किंवा कायमचं काढू शकतं. नाव नाही तोवर प्रॅक्टिस नाही. पण भरपाई म्हणून एक रुपयाही देण्याचा अधिकार त्याला नाही. शिवाय त्याचा हात नोंदणीकृत डॉक्टरपर्यंतच पोचतो. हॉस्पिटलचं अव्वाच्या सव्वा बिल, बंद पडलेलं मशीन, नर्सचं दुर्लक्ष यांत हॉस्पिटलला ते जाब विचारू शकत नाही.

ग्राहक आयोगाचं उलटं आहे. तिथे डॉक्टर आणि हॉस्पिटल दोघांनाही विरुद्ध पक्ष करता येतं आणि भरपाई मागता येते, पण डॉक्टरच्या नोंदणीला आयोग हात लावू शकत नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये शांता प्रकरणात ठरवलं. त्यात एक मेख आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. काहींकडून पैसे आणि काहींवर मोफत उपचार, असं असेल तर मोफतवालाही ग्राहक. त्यामुळे पूर्ण मोफत सरकारी रुग्णालयात प्रकार घडला असेल तर आयोगाची वाट बहुधा बंद, कौन्सिलची मात्र खुली.

माझं मत विचाराल तर निर्णय पैशावर नव्हे, मुदतीवर घ्यावा. आयोगात घटनेपासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पटेल असं कारण लागतं. लोक करतात काय, तर आधी कौन्सिलकडे अर्ज देतात आणि ‘तिकडचा निकाल हातात आला की आयोगात जाऊ’ म्हणून थांबतात. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेत तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत घ्यावा असं म्हटलंय खरं, पण त्या भरवशावर राहू नये. कौन्सिलमध्ये प्रकरण पडून आहे म्हणून आयोगाची दोन वर्षं थांबत नाहीत. दोन्हीकडे एकाच वेळी जायला कायद्याची आडकाठी नाही. कौन्सिलने दोष मान्य केला तर तो आयोगात जड पुरावा ठरतो, पण आयोग त्याला बांधील नसतो.

खर्चाचं म्हणाल तर आयोग फारसा महाग नाही. उपचारासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. इथे भरलेले पैसे बघतात, मागितलेली भरपाई नव्हे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. समोरच्याला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर तारखा पडत राहतात, तो भाग वेगळा. कौन्सिलचं कार्यालय मुंबईत आहे, हे गडचिरोलीच्या माणसाने आधीच हिशेबात धरावं.

पुराव्याच्या बाबतीत मात्र कौन्सिल उजवं. तिथे डॉक्टरच डॉक्टरांची कागदपत्रं वाचतात. त्याचाच दुसरा अर्थ, आपलेच लोक आपल्याच माणसाला सांभाळून घेतील ही शंका, आणि ती अगदीच अनाठायी नाही. आयोगात गुंतागुंतीच्या प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतं आणि शहरातला दुसरा डॉक्टर ते लिहून द्यायला सहजी तयार होत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलंय. पोटात कापसाचा बोळा राहिला, हे कळायला तज्ज्ञ कशाला?

काही तक्रारी तर फक्त कौन्सिलच्याच. कट प्रॅक्टिस (रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन), खोटं सर्टिफिकेट, डॉक्टरची जाहिरातबाजी. यात रुग्णाचं नुकसान दाखवता येईलच असं नाही, पण आचारसंहिता मोडलेली असते.

कुठेही जा, आधी कागद. केसपेपर, औषधांचा चार्ट, नर्सिंग नोट्स, भूल दिल्याची नोंद, संमतीपत्र, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळ्यांची नक्कल मागणारा साधा अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. अर्ज मिळाल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर ती पोचच कौन्सिलपुढे स्वतंत्र तक्रार होते. फक्त डिस्चार्ज कार्डावर विसंबू नका, त्यात आयसीयूतल्या चार दिवसांच्या चार ओळी झालेल्या असतात.

डॉक्टरची पदवीही नीट बघा. बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची, असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथ आणि दंतवैद्य यांच्या परिषदा वेगळ्या. चुकीच्या ठिकाणी दिलेला अर्ज परत येईपर्यंत महिने जातात. आयोगाला हा भेद नाही.

अपिलाची बाजू विषम आहे. जिल्हा आयोगाच्या निकालावर दोन्ही पक्ष ४५ दिवसांत राज्य आयोगात जाऊ शकतात. कौन्सिलच्या निर्णयावर राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ अपिलाचा उल्लेख करतो तो डॉक्टरपुरता. रुग्णांची अपिलं याच कारणाने नाकारली गेली आहेत. मग उरतं उच्च न्यायालय, आणि तिथला वकिलाचा खर्च.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मी तरी सरसकट देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर गुन्हा नोंदवण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं आणि हलगर्जीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो. अपवाद एकच, समोरच्याची नोंदणीच कुठे सापडत नसेल तर. अशा बोगस डॉक्टरवर कौन्सिल शिस्तीची कारवाई करणार तरी कशी, त्याचं नावच नोंदवहीत नसतं. तिथे थेट पोलीस ठाणं आणि पालिकेचा किंवा जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी गाठायचा.