दोन लिंका, एक ऑफिस: पिंग-फेलओव्हर, बीजीपी डिफॉल्ट की फुल टेबल?

नागपूरकडच्या हिंगण्याच्या कारखान्यात किंवा मिहानमधल्या ऑफिसात दुसरी लीज लाइन आली की लगेच विचारणा होते: आता बीजीपी (नेटवर्कं एकमेकांना आपल्याकडच्या वाटा, म्हणजे रूट, सांगतात तो प्रोटोकॉल) लावून टाकायचं का? त्यामागे बहुतेक वेळा एक समजूत असते, की बीजीपी लावलं म्हणजे राउटर आपोआप जलद वाट निवडेल. ही समजूत आधी काढून टाका. तिच्यापायी नको ते राउटर विकत घेतले जातात.

बीजीपी वेग मोजत नाही. मिलिसेकंद, पॅकेट लॉस, लिंक किती भरली आहे, यातलं काहीही त्याच्या हिशोबात नाही. आरएफसी ४२७१ मध्ये, म्हणजे २००६ पासून चालत आलेल्या बीजीपी-४ च्या नियमांत, 'बेस्ट' ठरतो तो एका ठरलेल्या क्रमाने. आधी लोकल प्रेफरन्स, म्हणजे तुम्ही स्वतः दिलेला पसंतीचा आकडा, ज्याचा जास्त तो जिंकला (बहुतेक राउटरांत मुळातला आकडा १००). सिस्कोवर त्याच्याही आधी वेट, म्हणजे त्या एकाच राउटरपुरता पसंतीचा आकडा. मग एएस पाथ, म्हणजे वाटेत किती नेटवर्कं (एएस, प्रत्येकाला स्वतःचा नंबर) लागतात. कमी ते बरं. मग ओरिजिन (रूट बीजीपीत कसा आला त्याची खूण), मग मेड (शेजारच्या नेटवर्कने सुचवलेला आकडा), मग रूट ईबीजीपीने (दुसऱ्या नेटवर्ककडून) आला की आयबीजीपीने (स्वतःच्याच राउटरकडून), मग नेक्स्ट हॉपपर्यंतचं, म्हणजे वाटेवरच्या पुढच्या राउटरपर्यंतचं, आतलं अंतर. तरीही बरोबरी राहिली तर जुना रूट किंवा लहान राउटर आयडी. शेवटच्या पायऱ्या म्हणजे निव्वळ छापा-काटा.

उदाहरण घ्या. मुंबईतल्या एका सर्व्हरचा प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) २०३.०.११३.०/२४ तुमच्याकडे दोन्ही अपस्ट्रीमकडून, म्हणजे तुम्हाला नेट देणाऱ्या प्रोव्हायडरांकडून, आला. पहिल्याचा पाथ ६४५०० ६४५१०, दुसऱ्याचा ६४५०१ ६४५०५ ६४५१०. पहिला जिंकणार, कारण त्यात नंबर दोनच आहेत. आता समजा, हा पहिला अपस्ट्रीम नागपूरचा ट्रॅफिक आधी चेन्नईला नेतो आणि तिथून मुंबईला आणतो. बीजीपीला ते दिसत नाही. एक एएस म्हणजे एक एएस, मग तो दहा किलोमीटरचा असो की दोन हजारांचा. फायबरमध्ये प्रकाशाला हजार किलोमीटरला साधारण ५ मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन १०. रेल्वेने नागपूर-मुंबई ८३७ किलोमीटर आहे, तेव्हा फायबर त्याच अंतराची धरली तर ८-९ मिलिसेकंद लागावेत. चेन्नईमार्गे तेच २४ च्या आसपास जातं. 'बेस्ट' रूट तिप्पट लांबचा, आणि बीजीपीने नियमाप्रमाणेच काम केलेलं.

आणखी एक गोष्ट या सगळ्या क्रमाच्याही आधी येते: ज्याचा प्रीफिक्स जास्त नेमका, म्हणजे तिरक्या रेघेपुढचा आकडा मोठा आणि गट लहान, तिकडे पॅकेट जातं. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमकडून यूट्यूबच्या २०८.६५.१५३.०/२४ ची घोषणा बाहेर गेली. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ ची होती. पुढे लोकल प्रेफ आणि एएस पाथ तपासायची वेळच आली नाही. जगभरचा ट्रॅफिक /२४ कडे वळला.

तेव्हा बीजीपी घेताना तुम्ही विकत घेता त्या गोष्टी दोनच: लिंक तुटली तरी तुमचा पब्लिक आयपी तोच राहणं, आणि कोणता ट्रॅफिक कुठून जावा यावर थोडाफार हात. या दोन्हींची गरज आहे का, यावर निवड ठरवा. पर्याय तीन: पिंग-फेलओव्हर, म्हणजे पिंग चुकली की राउटर दुसऱ्या लिंकवर जातो; बीजीपीवर डिफॉल्ट, म्हणजे 'बाकी सगळं इकडे' असा एकच रूट, आणि सोबत थोडे रूट; किंवा फुल टेबल, म्हणजे साऱ्या इंटरनेटचे रूट.

| | पिंग-फेलओव्हर | बीजीपी, डिफॉल्ट + थोडे रूट | बीजीपी, फुल टेबल |
|---|---|---|---|
| लिंक गेल्यावर पब्लिक आयपी | बदलतो | तोच | तोच |
| चालू सेशन | तुटतात | बहुधा टिकतात | बहुधा टिकतात |
| बिघाड कळायला | १५-३० सेकंद | बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) असेल तर एका सेकंदाच्या आत, नाहीतर ९०-१८० सेकंद | तेवढाच, वर टेबल बदलायचा वेळ |
| येणारा ट्रॅफिक वळवणं | हातात नाही | अर्धवट हातात | तेवढंच अर्धवट |
| राउटर | साधा ड्युअल-वॅन | मध्यम | १० लाखांहून जास्त रूट पेलणारा |

चौथी ओळ पुन्हा वाचा. फुल टेबल घेतल्याने येणाऱ्या ट्रॅफिकवर तुमचा ताबा तसूभरही वाढत नाही. विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

पिंग-फेलओव्हर: स्वस्त, पण नीट लावला तरच

दोन डिफॉल्ट रूट, एकाचं डिस्टन्स (पसंतीचा आकडा, कमी तो आधी) कमी, दुसऱ्याचं जास्त. पहिली लिंक पडली की दुसरी. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात पहिली अडचण मीडिया कन्व्हर्टरची, म्हणजे फायबर लॅनच्या केबलला जोडणाऱ्या डबीची. सिमेंट रोडच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडली, तरी कन्व्हर्टर आणि राउटरमधली दीड मीटरची लॅनची केबल शाबूत असते. पोर्टचा दिवा हिरवा, इंटरफेस अप, रूट जागेवर, आणि नेट बंद. म्हणून नुसत्या इंटरफेसवर विसंबू नका, पिंगने तपासा.

पिंग कुणाला? प्रोव्हायडरच्या गेटवेला नको. तो नागपुरातल्याच त्यांच्या पॉपवर, म्हणजे स्थानिक केंद्रात, असतो, पुढे मुंबईची लिंक गेली तरी उत्तर देत राहतो. बाहेरचे दोन पत्ते घ्या, दोन्ही गप्प झाले तरच लिंक मेली म्हणा. दर ५ सेकंदांनी एक पिंग, सलग तीन चुकले की बदल. परत यायला मात्र घाई नको. ६० ते १२० सेकंद सलग उत्तर आल्यावरच पहिल्या लिंकवर या.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. ज्या पत्त्यांना पिंग करता, त्यांचे वेगळे स्टॅटिक (हाताने लिहिलेले) रूट त्या-त्या लिंकवर बांधले नाहीत, तर फेलओव्हर झाल्यावर तीच पिंग दुसऱ्या लिंकवरून जाते, उत्तर येतं, राउटरला वाटतं पहिली लिंक सुधारली, तो परत जातो, पुन्हा पिंग चुकते. हा झोका दिवसभर चालतो आणि दोष मात्र प्रोव्हायडरला लागतो. पत्ते बांधले की दुसरा खड्डा: तोच पत्ता ऑफिसचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर) म्हणूनही दिलेला असतो. पहिली लिंक गेली की तो पत्ता त्याच मेलेल्या लिंकवर अडकतो. नेट चालू, पण एकही साइट उघडत नाही. पिंगसाठी जे पत्ते घ्याल ते डीएनएसला वापरू नका, एवढं साधं पथ्य आहे.

एसआयपी, म्हणजे नेटवरून चालणारे, फोन असतील तर आणखी एक काम. फोन दर काही सेकंदांनी कीपअलाइव्ह (जिवंत असल्याचं पॅकेट) पाठवतात, त्यामुळे जुन्या लिंकची नॅटची नोंद (आतल्या पत्त्याची बाहेरच्या आयपीशी लावलेली जोडी) मरतच नाही आणि फोन जुन्याच आयपीला चिकटून राहतात. फेलओव्हरच्या स्क्रिप्टमध्ये त्या कनेक्शन-नोंदी पुसण्याची ओळ हवी.

या पर्यायाची खरी मर्यादा मात्र कन्फिगने सुटत नाही. पब्लिक आयपी बदलतो. ग्राहकाने तुमचा आयपी व्हाइटलिस्ट केला असेल (फक्त त्यालाच आत येऊ दिलं असेल), ऑफिसात सर्व्हर असेल, बाहेरून व्हीपीएन येत असेल, तर ते सगळं तुटतं. डीएनएसचा टीटीएल (जुनं उत्तर किती वेळ धरून ठेवायचं तो काळ) ३०० सेकंद ठेवून सर्व्हरचं थोडं भागतं, व्हाइटलिस्टचं भागत नाही.

बीजीपी, पण टेबल थोडंच

इथे स्वतःचा एएस नंबर आणि किमान /२४ लागतो. भारतात तो आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था देते, जी निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) अखत्यारीत चालते. वार्षिक शुल्क असतं. /२४ पेक्षा लहान तुकडा, म्हणजे /२५ वगैरे, इंटरनेटवर जवळपास कुणीच घेत नाही. आयपीव्ही६ मध्ये ही मर्यादा /४८ ची.

बाहेर जाणारा ट्रॅफिक तुमच्या हातात असतो. मुख्य लिंकला लोकल प्रेफ २००, दुसरीला १००, झालं. येणारा ट्रॅफिक ही वेगळी कथा आहे. सगळे पहिल्यांदा प्रीपेंड करतात: दुसऱ्या लिंकवर स्वतःचा एएस तीन वेळा जास्त जोडायचा, म्हणजे वाट लांब दिसेल. लांबच्या नेटवर्कांवर त्याचा परिणाम होतो. पण दुसरा अपस्ट्रीम स्वतः ऐकत नाही, कारण त्याच्याकडे ग्राहकाच्या रूटला लोकल प्रेफ जास्त असतो आणि तो एएस पाथच्या आधी बघितला जातो. ग्राहकाकडून पैसे येतात, पीअरकडून (बरोबरीने जोडलेल्या नेटवर्ककडून) येत नाहीत. वाटेचा हिशोब शेवटी इथे येऊन टेकतो. पाच वेळा प्रीपेंड केलं तरी त्या अपस्ट्रीमच्या घरचा ट्रॅफिक त्याच लिंकवरून येणार. त्यावर उपाय म्हणजे कम्युनिटी, रूटवर लावायची खूण, जी बघून अपस्ट्रीम त्याची वागणूक बदलतो: करार करताना अपस्ट्रीमकडून त्यांची कम्युनिटींची यादी मागा, त्यात लोकल प्रेफ कमी करायची सोय आहे का ते बघा.

/२३ मिळाला असेल तर जास्त नेमका उपाय आहे. /२३ दोन्हीकडे घोषित करा, शिवाय एक /२४ एका लिंकवर, दुसरा /२४ दुसऱ्या लिंकवर. दोन्ही चालू असताना ट्रॅफिक वाटला जातो, एक गेली की /२३ सांभाळतो. आरओए (कोणता एएस कोणता प्रीफिक्स घोषित करू शकतो याची सही केलेली नोंद) करताना कमाल लांबी २४ द्यायला विसरलात, तर हे दोन्ही /२४ 'इनव्हॅलिड' ठरतात आणि आरपीकेआय, म्हणजे अशा नोंदी, तपासणारी नेटवर्कं ते टाकून देतात.

आता डिफॉल्टची गोम. बरेच अपस्ट्रीम डिफॉल्ट बिनशर्त पाठवतात. त्यांच्या नागपूरच्या राउटरचा पुढचा दुवा तुटला, तरी तुमच्याशी बीजीपीचं सेशन चालू, डिफॉल्ट येतच राहतो, आणि तुमचा सगळा ट्रॅफिक खड्ड्यात. सेशन बघून काही कळत नाही. म्हणून नुसता डिफॉल्ट नको; सोबत अपस्ट्रीमचे स्वतःचे आणि त्यांच्या ग्राहकांचे रूटही मागा. आणखी चांगलं म्हणजे मुंबईतल्या दोन-तीन भरवशाच्या प्रीफिक्सांवर तुमचा डिफॉल्ट टेकवा. ते गायब झाले की डिफॉल्टही उतरतो.

टायमरकडेही लक्ष द्या. सिस्कोचा मुळातला होल्ड टाइम (समोरून काही आलं नाही तर सेशन मेलं धरायचा काळ) १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटं फोन बंद. ३०० मिलिसेकंद गुणिले ३ असा बीएफडी दोन्ही टोकांना लावला तर बिघाड सेकंदाच्या आत कळतो. मायक्रोवेव्ह रेडिओ लिंकवर मात्र इतका ताणू नका, विनाकारण सेशन पडेल.

आणि बाहेरचा फिल्टर. तो नसेल तर पहिल्याकडून शिकलेले रूट तुम्ही दुसऱ्याला सांगता, तो ग्राहकाचे म्हणून ते पसंत करतो, आणि त्याचा ट्रॅफिक तुमच्या २०० एमबीपीएसच्या लाइनमधून मार्ग शोधू लागतो. समोरच्याने मॅक्स-प्रीफिक्स (तुमच्याकडून किती रूट घ्यायचे त्याची मर्यादा) लावला असेल तर तो सेशनच बंद करतो. बहुधा हीच त्याची मेहेरबानी. आरएफसी ८२१२ (२०१७) म्हणतो की पॉलिसी नसेल तर ईबीजीपीवर काही घेऊ-देऊ नये, पण सगळेच राउटर तसे वागत नाहीत. फक्त स्वतःचे प्रीफिक्स बाहेर, हे हाताने लिहा.

फुल टेबल कुणाला?

आयपीव्ही४ चे १० लाखांहून जास्त रूट, आयपीव्ही६ चे २ लाखांहून जास्त. इथे रॅमपेक्षा फॉरवर्डिंग टेबल (पॅकेट पुढे धाडणाऱ्या चिपमधली रूटची यादी) आधी भरतं. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाचं टेबल ५,१२,००० ओलांडून गेलं, तेव्हा मुळातल्या सेटिंगवर चालणारे अनेक जुने राउटर अडखळले होते. चिपमध्ये न मावणारे रूट प्रोसेसरवर जातात आणि राउटर रांगायला लागतो. विकत घेताना 'बीजीपी सपोर्ट' या शब्दांवर जाऊ नका, हार्डवेअरमध्ये आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ मिळून किती रूट मावतात तो आकडा लेखी घ्या.

एक गंमत अशी की, लहान राउटरवर फुल टेबल असताना लिंक गेली, तर सावरणं हळू होतं. लाखो रूट एकेक करून दुसऱ्या नेक्स्ट हॉपवर वळवायचे असतात. डिफॉल्टवाल्याला एकच वळवायचा असतो. मग घ्यायचं कुणी? जो दुसऱ्यांना ट्रान्झिट (इंटरनेटपर्यंतची वाट) विकतो, किंवा ज्याचे अपस्ट्रीम दोन वेगळ्या शहरांत उतरतात. वर्धा, भंडारा, गोंदियाला ब्रॉडबँड देणारा आयएसपी मुंबईच्या एक्स्चेंजवरही (जिथे नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात) आला आणि हैदराबादकडूनही लिंक घेतली, की त्याला प्रत्येक प्रीफिक्सला वेगळा निर्णय हवा असतो. त्याआधी नाही.

आधी डक्ट बघा

वरच्या तिन्ही पर्यायांना एकच गोष्ट निकामी करते: दोन्ही प्रोव्हायडरची फायबर वर्धा रोडच्या एकाच खंदकातून. कधीकधी दुसऱ्याने ती पहिल्याकडूनच भाड्याने घेतलेली असते. नागपुरात वेगळेपणा मिळवणं तसं अवघड नाही. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या रेल्वेमार्गांची इथे फुली पडते आणि रेलटेलची, म्हणजे रेल्वेच्या दूरसंचार कंपनीची, फायबर रुळांच्या कडेने जाते. एक लिंक भुसावळकडून मुंबईला आणि दुसरी बल्लारशाहकडून दक्षिणेला, असं मागता येतं. करारापूर्वी दोघांकडून मार्गाचा नकाशा घ्या आणि इमारतीत शिरायच्या जागाही वेगळ्या ठेवा.

क्लाउडवर काम करणारा, सर्व्हर नसलेला कारखाना असेल तर पहिला पर्याय पुरे. वाचलेले पैसे वेगळ्या मार्गाच्या फायबरवर खर्च करा. आयपी व्हाइटलिस्ट, होस्टिंग, बाहेरच्या केंद्रांना जोडलेलं हॉस्पिटल असेल तर दुसरा. दोन लिंकांवर दोन वेगळे फायरवॉल मात्र ठेवू नका. एकीकडून गेलेल्या पॅकेटचं उत्तर दुसरीकडून आलं की फायरवॉल ते टाकून देतो.

लावून झाल्यावर शनिवारी रात्री चाचणी घ्या. बाहेरून तुमच्या सर्व्हरला आणि आतून बाहेर, दोन्हीकडे सेकंदाला एक पिंग चालू ठेवा. लॅनची केबल काढू नका, कन्व्हर्टरची फायबरची पॅच कॉर्ड ओढा आणि चुकलेल्या पिंग मोजा. मग ती परत लावा आणि पुन्हा मोजा. लिंक परत येतानाचा आकडा बहुधा जास्त निघतो, आणि तो कुणीच मोजलेला नसतो.