हॉब का शेगडी? ओटा कापायच्या आधी

स्वयंपाकघराचं काम काढलं की टाइल्स, रंग, ड्रॉवरची हँडलं या गोष्टी पुढेमागे बदलता येतात. एक प्रश्न मात्र ग्रॅनाइटवाला पहिल्याच दिवशी टाकतो, "साहेब, हॉबचं कटिंग द्यायचं का?" हॉब म्हणजे ओट्याचा दगड कापून त्यात खाली बसवलेली शेगडी. हो म्हटलं की ओट्याला भोक पडतं आणि ते परत बुजत नाही. शिवाय प्रत्येक मॉडेलच्या कटिंगचं माप वेगळं असतं. उद्या हॉब बदलायचा झाला तर तुमच्या आवडीचा नाही, भोकात बसेल तो घ्यावा लागतो. तेव्हा विचार त्याने कटर सुरू करायच्या आधी झालेला बरा.

मी दोन्हींवर दिवस काढलेत. बाणेरला भाड्याने राहत होतो तिथे मालकाने बसवलेला तीन बर्नरचा काचेचा हॉब होता. नंतर कोथरूडला आमच्या जुन्या सोसायटीत आलो आणि कडप्प्याचा ओटा काढून नवा करायची वेळ आली, तेव्हा निवड माझ्यावर आली. सकाळचा चहा, दूध आणि डबे हे माझं खातं आहे, त्यामुळे मत देण्याचा थोडाफार अधिकार आहे असं समजतो.

आधी हॉबच्या बाजूने बोलतो, कारण त्याला नावं ठेवणाऱ्यांनी बरेचदा त्यावर साधं पिठलंही केलेलं नसतं. सगळ्यात मोठा गुण म्हणजे उंची. ओटा साधारण ३२ ते ३४ इंच, त्यावर चार-पाच इंचांची शेगडी आणि तिच्यावर पाच लिटरचा कुकर. माझी आई उंचीने लहान. पुरण शिजलं का हे बघायला तिला टाचा उचलाव्या लागतात आणि वाफ थेट चष्म्यावर येते. हॉबवर भांडं खाली बसतं, ढवळताना खांदा भरून येत नाही. घरात स्वयंपाक करणारं माणूस उंच नसेल तर हा मुद्दा मी हलका धरणार नाही. शेगडी घेणाऱ्यांनी तेवढ्यासाठी ओटाच दोन-तीन इंच खाली घ्यावा. ग्रॅनाइटवाला कुरकुर करेल, करू द्यावी.

दुसरा गुण सुरक्षिततेचा. बऱ्याच हॉबमध्ये ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय असते. बर्नरच्या कडेला एक छोटी सळी असते, ती ज्योतीने तापलेली असेल तोवरच गॅसची वाट उघडी राहते. दूध उतू जाऊन ज्योत विझली की सळी गार होते आणि थोड्या वेळात गॅस थांबतो. पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो, पहिले काही दिवस त्याचा वैताग येतो, मग सवय होते. सगळ्याच हॉबमध्ये ही सोय असते असं मात्र नाही, दुकानात स्पष्ट विचारावं. आणि तिच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. गॅस व्यवस्थित जळतोय, वर भाजी करपतेय आणि आजोबा पेपरात गुंग आहेत, अशा वेळी ती काही करत नाही. तिचं काम फक्त विझलेल्या ज्योतीपुरतं. आता काही शेगड्यांमध्येही हे मिळतं. आमच्या घरी विसरणारं कोणी असतं तर मी हॉब-शेगडी हा वाद बाजूला ठेवून आधी ही सोय बघितली असती.

दिसण्याबद्दल काय बोलायचं? हॉब छान दिसतो, ओटा मोकळा वाटतो. संपलं.

आता माझं पारडं ज्याने झुकलं ते सांगतो. हॉब उचलता येत नाही.

ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण आपल्याकडे रोज दूध तापतं, आणि रोज तापणारं दूध कधी ना कधी उतू जातंच. शेगडीवर उतू गेलं तर काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे: गॅस बंद, गार होऊ द्यायचं, बर्नर काढायचे, खालच्या ताटल्या काढायच्या, शेगडी पुढून उचलून एका हाताने टेकवायची आणि दुसऱ्या हाताने ओटा पुसायचा. खाली निघतं ते सगळं ओळखीचं असतं. चिकट तपकिरी कडं, चार मोहऱ्या, चहाची पत्ती, एखादा वाटाणा. पाच मिनिटांत विषय संपतो.

हॉबवर नॉब वरच्याच काचेवर असतात, बर्नरच्या शेजारी, त्याच पातळीत. दूध पसरत जातं आणि नॉबच्या दांडीभोवतीच्या फटीतून आत उतरतं. काच पुसली की वरून सगळं लख्ख दिसतं. आत गेलेलं दूध दोन-तीन दिवसांनी वासाने कळतं. मग झुरळांना कळतं. मग नॉब जड फिरायला लागतो, कारण आतल्या कॉकमधलं ग्रीस दुधाने आणि उष्णतेने घट्ट झालेलं असतं. बाणेरला हेच झालं. खालच्या ट्रॉल्या काढून, आडवं पडून, टॉर्च तोंडात धरून बघितलं तर हॉबचं पोट म्हणजे पत्र्याचा बंद डबा, स्क्रूंनी आवळलेला. सर्व्हिसवाला आला तेव्हा आठवडा उलटून गेला होता आणि त्याने तो डबा उघडल्यावर जे दिसलं ते जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. नव्या हॉबमध्ये नॉबभोवती सील बरे असतात म्हणे, असतीलही. माझा अनुभव एका हॉबचा आहे, तेवढ्यावरून सगळ्यांना झोडपणं बरोबर नाही.

पण न उचलता येण्याचं खरं दुखणं दुधापुढचं आहे, ते म्हणजे नळी. शेगडीची नळी ओट्यावर डोळ्यांसमोर असते. ती कडक झालीय का, वाकवल्यावर भेगा दिसतात का, नोझलवर शेवटपर्यंत बसलीय का, हे फडकं फिरवता फिरवता कळतं. हॉबची जोडणी खाली कपाटात, मसाल्याच्या डब्यांच्या आणि कढयांच्या मागे. तिथे कोण बघतं? तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. आमच्याकडे ते वर्ष येता-जाता दिसतं. कपाटातल्या नळीवरचं वर्ष वाचायला मुहूर्त काढावा लागतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांना उंदरांचंही सांगायला नको.

यात सिलिंडरवाल्यांना जास्त जपावं लागतं. सिलिंडरमधला गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हवेपेक्षा जड. गळला तर खाली बसतो, आणि बंद कपाटात तर साचूनच राहतो. वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन घातलेलं असतं, पण दार घट्ट लागलेलं असेल तर तो वास स्वयंपाकघरात पोचायला वेळ लागतो. पाइपचा गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस (एमएनजीएल) कंपनीचा येतो तो, मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, वर जातो. म्हणून हॉबखालच्या कपाटाला सिलिंडर असेल तर तळाशी आणि पाइपगॅस असेल तर वरच्या बाजूला जाळीच्या खिडक्या हव्यात. सुतार त्या आपणहून ठेवत नाही, कारण त्याने दाराचं डिझाइन बिघडतं. आपणच सांगून करून घ्याव्या लागतात.

पाइपगॅसचा आणखी एक मुद्दा, हॉब आणि शेगडी दोन्हींना सारखाच लागू. पाइपगॅसचा दाब सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी आणि तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी, म्हणून त्याच्या जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं असतं. जोडणी देताना माणूस जेट बदलून देतो. जुने जेट त्याच्याकडून मागून घ्या आणि पाकिटात घालून नाव लिहून ठेवा. भाड्याची घरं बदलणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. पाइपगॅसच्या जेटवर सिलिंडर लावला तर ज्योत हातभर उठते, पिवळी होते, भांडी काळी होतात. शेगडीचे जेट कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आपल्यासमोर बदलतो. हॉबचे बदलायला आधी हॉब उघडणारा माणूस शोधावा लागतो.

आता कोणी म्हणेल, मग काचेची शेगडी घ्यावी. दिसायला हॉबसारखी, उचलता येते शेगडीसारखी. हा मधला मार्ग वाईट नाही, आणि दुकानदार हल्ली ओट्यात बसवा किंवा नुसता वर ठेवा, दोन्ही चालेल असा हॉबटॉपही दाखवतात. माझी अडचण काचेशी आहे. ती कडक केलेली असते, सहजी फुटत नाही, हे मान्य. पण बर्नरपेक्षा बरंच मोठं पातेलं ठेवलं की उष्णता खाली काचेवर परतते, आणि तापलेल्या काचेवर आपण सवयीने ओलं फडकं फिरवतो. काठाला कुकरचा धक्का बसून बारीक टवका उडाला असेल तर अशा वेळी काच जाऊ शकते, आणि जाते तेव्हा तडा जात नाही, सगळी एकदम खडीसाखरेसारखी विखुरते. आमच्याकडे वांगं थेट जाळावर भाजतात, पुरण शिजल्यावर तिथेच घोटतात, दिवाळीत चकलीची कढई तासन्‌तास असते. एवढं सगळं काचेवर करताना माझा हात आखडतो. काहींचा आखडत नसेल.

माझी धाकटी बहीण वाकडला राहते, तिच्याकडे हॉब आहे आणि ती खूश आहे. तिच्याकडे दूध मायक्रोवेव्हमध्ये तापतं, स्वयंपाक एकवेळचा, पोळ्या बाहेरून येतात. ती मला म्हणते, "दादा, तू स्वयंपाक करतोस की शेगडीची पूजा?" तिच्या घरात तिची निवड चुकीची आहे असं मला वाटत नाही. हॉबला उतू जाणाऱ्या दुधाचा आणि रोजच्या तीन वेळच्या फोडणीचा शेजार मानवत नाही, एवढंच.

मी स्टीलची साधी शेगडी घेतली, दोन बर्नरची, पितळी बर्नरवाली, आयएसआयची खूण बघून. बटणाने पेटणारी मुद्दाम टाळली. आपोआप पेटण्याची सोय ओल्या फडक्याला वैरी मानते. बाणेरच्या हॉबवर पुसपास झाली की ठिणगीचं टकटक सुरू व्हायचं आणि ओलावा सुकेपर्यंत थांबायचं नाही, आणि सेल बदलायचा तर पुन्हा तेच कपाटातलं आडवं पडणं. लायटर खिळ्याला टांगलेला असतो. फक्त तो हातात घेऊन मगच नॉब फिरवायचा, गॅस सोडून लायटर शोधत फिरायचं नाही.

शेगडीला देखभाल लागत नाही असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. बर्नर गरम साबणाच्या पाण्यात घालायचे, भोकं पिनेने मोकळी करायची आणि पूर्ण सुकल्यावरच बसवायचे, नाहीतर फटफट आवाज करत पिवळे जळतात. जेटला मात्र सुई लावायची नाही. ते भोक जरा मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. ज्योत निळी हवी. डाळ किंवा मिठाचं पाणी सांडल्यावर थोडा वेळ नारिंगी दिसते, त्याचं काही नाही. पण रोजच पिवळी राहत असेल आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील तर गॅस नीट जळत नाहीये, म्हणजे पैसे जातायत आणि बंद खिडकीच्या स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतोय. नॉब जड झाला की आमच्याकडे लगेच खोबरेल तेलाची बाटली पुढे येते. ती परत कपाटात ठेवा. तिथे उष्णता सोसणारं वेगळं ग्रीस लागतं आणि ते काम दुरुस्तीवाल्याचं. गळतीची शंका आली तर नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावून बघायचं, काडी पेटवून कधीच नाही. वास जास्तच असेल तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, सगळे बाहेर आणि बाहेरूनच फोन. सिलिंडरसाठी १९०६, पाइपगॅससाठी बिलावरचा तातडीचा नंबर.

हे सगळं हॉबलाही लागतंच. फरक इतकाच की शेगडीवर मी ते रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी उरकतो.

तरीही हॉबच घ्यायचा ठरला असेल, तर ग्रॅनाइटवाल्याला हो म्हणण्याआधी सुतार आणि हॉब विकणारा या दोघांना एकाच वेळी घरी बोलवा. गॅसचा बंद करायचा कॉक कपाटाच्या आत नको, सहज हात पोचेल असा बाहेर घ्या. हॉबखाली ड्रॉवर करू नका, दार करा, म्हणजे नळी बघता येईल. आणि विकणाऱ्याला दुकानात नाही, तुमच्या ओट्यासमोर उभं करून विचारा की दूध आत गेलं तर हा उघडायचा कसा आणि उघडायला कोण येणार. त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागून दाखवायला सुरुवात केली तर घ्या. "तसं होत नाही साहेब" म्हणाला तर मात्र कटिंग थोडं लांबवा.