तांब्याच्या तारेच्या माळा जेवणाच्या टेबलावर: चवथीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

दिव्यांच्या माळा तीन प्रकारच्या वापरल्या. पहिली ५ मीटरची, ५० दिव्यांची, यूएसबीवर चालणारी, सोबत रिमोट. दुसरी तेवढ्याच लांबीची, पण तीन पेन्सिल सेलांच्या डबीवर चालणारी, टायमरवाली. तिसऱ्या छोट्या, २ मीटर आणि २० दिव्यांच्या, बाटलीच्या तोंडात बुचासारख्या बसणाऱ्या, आत तीन बटण सेल. तिन्हींची तार तांब्याची, वर इनॅमलचा, म्हणजे वीजरोधक रोगणाचा, पातळ थर, आणि दर १० सेंटिमीटरला पारदर्शक थेंबात बसवलेला बारीक एलईडी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवरच्या माटवीत, मग नाताळात सहा जणांच्या जेवणाच्या टेबलावर, आणि पावसाळाभर डब्यात, असा वापर झाला. जागा वेंगुर्ला, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. हे अंतर सांगायला हवं, कारण घाटावर याच माळा बहुधा वेगळं आयुष्य काढतील.

निकाल आधीच सांगून टाकतो. दिवे टिकतात. बिघडतात ते डबीतले पत्रे, स्प्रिंगा आणि तारेला पडलेल्या घड्या. त्यामुळे माळ घेताना खोक्यावर किती दिवे लिहिलेत ते बघण्यापेक्षा डबी उघडून बघा.

रंगाचा प्रश्न लगेच निकालात निघतो. टेबलावर फक्त वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा, खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला. थंड पांढऱ्या उजेडात सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा पदार्थ मातकट दिसतो आणि शागोतीचा, म्हणजे मटणाच्या रश्शाचा, रंग मरतो. त्यात पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात. भातकापणीच्या दिवसांत तुडतुडे ताटात पडतात तेव्हा हा फरक नीट कळतो. नाताळापर्यंत तुडतुडे कमी होतात, तरी खिडकी उघडी ठेवून जेवणाऱ्या घरात हा मुद्दा लागूच आहे. रंगीबेरंगी माळ नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यावर आणि नक्षत्रावर, म्हणजे चांदणीच्या आकाशकंदिलावर, शोभते, ताटाशेजारी नाही.

आता टेबल. १५० बाय ९० सेंटिमीटरच्या टेबलावर समोरासमोर ताटं मांडली की प्रत्येकाला काठापासून आत किमान ३५ सेंटिमीटर जागा लागते. मध्ये उरते जेमतेम २० सेंटिमीटरची पट्टी. त्यातच फुगे म्हणतात ते तळलेले गोल पाव, पुलाव, सोलकढीचा जग, पाण्याचे पेले. म्हणून सजावटीला पट्टी अरुंदच ठेवायची आणि मोठी पातेली बाजूच्या छोट्या टेबलावर न्यायची. हे मान्य नसेल तर माळ टेबलावर ठेवूच नका, वर टांगा. मधोमध ठेवलेली कुठलीही वस्तू ३० सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर समोरच्याशी बोलताना मान वाकडी करावी लागते.

नुसती माळ कापडावर सोडली की तासाभरात ती कुणाच्या तरी ताटाखाली जाते. यावर सगळ्यात चांगला उपाय सुंभाची दोरी. साधारण १२ मिलिमीटर जाडीची दोरी १५० सेंटिमीटर लांब घ्या. ५ मीटरची माळ मध्यावर दुपदरी करा आणि दर ३ सेंटिमीटरला एक वेढा पडेल अशी दोरीभोवती गुंडाळा. दुमडलेल्या टोकाला तार चेपू नका, अंगठा जाईल एवढा फासा मोकळा ठेवा, कारण तार मोडते ती तिथेच. डबी किंवा यूएसबीचं टोक आणि माळेचं शेपूट दोन्ही एकाच बाजूला येतात, ती बाजू यजमानाच्या खुर्चीकडे. काही दिवे दोरीखाली दबतात, त्यांचा उजेड कापडावर पसरतो आणि डोळ्यांत टोचत नाही. जेवण झाल्यावर दोरी एका हाताने उचलली की टेबल मोकळं, आणि गुंताही होत नाही. सुंभाचा भुसा मात्र थोडा झडतो. आदल्या दिवशी दोरी झटकून ठेवा.

दोरीच्या दोन्ही बाजूंना सुरूच्या बारीक फांद्या, वीतभर लांबीच्या. आपल्या किनाऱ्यावर नाताळचं झाड म्हणून सुरूच उभा राहतो, तेव्हा टेबलावरही तोच बरा. फांद्या त्याच दिवशी तोडा. दुसऱ्या दिवशी त्या सुकायला लागतात आणि सुकलेला सुरू झटकन पेट घेतो, म्हणून सुरू आणि मेणबत्ती एकत्र ठेवायची नाही. मेणबत्ती हवीच असेल तर काचेच्या उंच ग्लासात, माळेपासून वीतभर दूर. एलईडी स्वतः गरम होत नाही, पण मेणबत्तीच्या धगीने तारेवरचं इनॅमल आणि थेंबाचं आवरण दोन्ही खराब होतात. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगवलेली लाकडी फळं या पट्टीत फार छान दिसतात, त्यांच्या लाखेवर एकेक ठिपका चमकतो. स्टीलच्या ताटांवर तोच ठिपका जरा जास्त चमकतो. केळीच्या पानावर वॉर्म व्हाइट थोडा फिका पडतो, पांढऱ्या सुती कापडावर खुलतो.

बुचाच्या माळांचा बाटलीतला वापर लवकर कंटाळवाणा होतो. त्यापेक्षा त्या घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीत ठेवा: तार आत सैल गोळा करून, वर सुरूची एखादी काडी. उजेड फक्त वर जातो, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. सहा जणांच्या टेबलाला तीन करवंट्या पुरतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: या माळांच्या उजेडात मासे खाता येत नाहीत. पेडव्यासारख्या बारीक माशाचे काटे दिसायला हवेत. फोटोत सुंदर दिसणारं टेबल जेवायला बसल्यावर अंधारं निघतं आणि मग कुणीतरी उठून ट्यूब लावतं. ट्यूब लागली की सजावट संपली. म्हणून टेबलाच्या वर कागदी नक्षत्र टांगा, आत ७ किंवा ९ वॅटचा वॉर्म व्हाइट एलईडी बल्ब. नक्षत्राचं खालचं टोक टेबलापासून ७५ ते ८० सेंटिमीटरवर असावं. बल्ब कागदाला टेकू देऊ नका. जेवणाचा उजेड नक्षत्राने द्यायचा, माळेने फक्त शोभा.

साधी २३० व्होल्टची माळ, जी खिडकीवर किंवा माडावर सोडतात, ती टेबलावर अजिबात आणू नका. तिच्यातले दिवे थेट मेनवर एकामागोमाग जोडलेले असतात, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. कुठल्याही उघड्या जोडाला वीज लागू शकते. पाण्याचे पेले, ओले हात, स्टीलची भांडी, असं सगळं जवळ असताना हा धोका नकोच. यूएसबी माळेला ५ व्होल्टच जातात, सोलकढी सांडली तरी झटका बसत नाही. तारेवर पडलेली सोलकढी मात्र लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, आंबट आणि खारट ओल तांब्याला चांगली नाही.

वीज कुठून द्यायची यावर या तिन्हींचा खरा फरक कळतो. यूएसबी माळ मोबाइलच्या चार्जरवर उत्तम चालते. ती ०.१५ अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे १ वॅटसुद्धा नाही. अडचण वायरची. टेबल खोलीच्या मध्यावर असतं आणि प्लग भिंतीत. जमिनीवरून गेलेल्या वायरीत हमखास कुणाचा तरी पाय अडकतो. म्हणून पॉवर बँक टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने किंवा कापडी पिशवीत बांधा. इथे आणखी एक मेख आहे. बऱ्याच पॉवर बँका इतका कमी प्रवाह बघून फोन चार्ज झाला असं समजतात आणि अर्ध्या मिनिटात बंद पडतात. दोन माळा एकदम लावल्या की प्रवाह वाढतो आणि काही बँका चालू राहतात. काहींत बटण दोनदा दाबून कमी प्रवाहाची सोय सुरू होते. नवीन घेत असाल तर तीच सोय असलेली घ्या. १०,००० एमएएचची बँक एका माळेला रात्रभर सहज पुरते.

रिमोटवाल्या माळेत वीज जाऊन आली की ती काही वेळा आठही नमुने फिरवत लुकलुकायला लागते. शेवटचा नमुना लक्षात ठेवणारी माळ मिळते, दुकानात प्लग काढून पुन्हा लावून खात्री करून घ्या. एका प्रकारच्या दोन माळा असतील तर एकच रिमोट दोघींना चालतो, टेबलासाठी ही सोय चांगलीच.

सेलवाल्या माळेचा टायमर ६ तास चालू, १८ तास बंद असा असतो, आणि तो बटण दाबल्या क्षणापासून मोजतो. दिवेलागणीला साडेसहाला लावली की साडेबाराला ती विझते, म्हणजे नेमकी मध्यरात्रीच्या मिस्साहून, चर्चमधल्या प्रार्थनेहून, मंडळी घरी येऊन टेबलाशी बसतात तेव्हा. २४ तारखेला ती साडेआठच्या आधी लावायची नाही, किंवा टायमर बंद ठेवायचा.

सेल अल्कलाइनच घाला. सुरुवातीचे सहा-आठ तास उजेड भरपूर, मग हळूहळू मंद होत जातो, कारण पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतातच आणि तीन सेलांचे ४.५ व्होल्ट खाली येत जातात. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे एकूण ३.६, उजेड पहिल्यापासून थोडा कमी, पण बराच वेळ एकसारखा. टेबलासाठी तो कमी उजेडच बरा वाटतो. पेन्सिल सेलाच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. ते या डबीत घालू नका, तिन्ही मिळून ११ व्होल्टच्या वर जातात आणि माळ जळते.

खाऱ्या हवेचा मार कुठे बसतो ते आता. डबीच्या स्प्रिंगांवर पहिल्या पावसाळ्यातच डाग येतात. पांढरी पापडी धरली असेल तर ती बहुधा अल्कलाइन सेलातून झिरपलेली. कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरड्या फडक्याने. साध्या स्वस्त सेलातली गळती आम्लधर्मी असते, तिच्यावर लिंबू उपयोगाचं नाही, खायचा सोडा ओलसर करून लावा. नंतर पत्र्यांना बारीक पॉलिश पेपरने घासून अगदी पुसट व्हॅसलिन लावून ठेवलं की गंज बराच लांबतो.

तारेवर हिरवा ठिपका दिसला तर तिथे इनॅमल खरवडलेलं असतं. तिथे खारट ओल बसली की दोन तारांमधून बारीक प्रवाह वाहतो आणि धन बाजूचं तांबं झिजत जातं, शेवटी तार तुटते. या माळेतले दिवे समांतर जोडलेले असल्याने तुटलेल्या जागेच्या पुढचे सगळे विझतात, आधीचे चालू राहतात. त्यामुळे बिघाड शोधायला वेळ लागत नाही: शेवटचा पेटता आणि पहिला विझलेला, यांच्या मधल्या १० सेंटिमीटरमध्येच तो असतो. दोन्ही टोकांचं इनॅमल ब्लेडने सेंटिमीटरभर खरवडा, पीळ द्या, डाग द्या म्हणजे सोल्डर करा आणि वर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात मारा. शेजारच्या तारेला जोड टेकणार नाही हे बघा. सेल काढूनच हे काम करायचं.

खळ्यात, म्हणजे अंगणात, जेवण मांडणाऱ्यांसाठी: डिसेंबरात दहा-अकरानंतर दव पडायला लागतं. खोक्यावर ‘आयपी ६५’, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलं असलं तरी ते बहुतेक वेळा तारेपुरतं असतं, डबीपुरतं नाही. डबी टेबलाखाली, तोंड खाली करून.

ठेवताना सेल काढायचे, माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल गुंडाळायची, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह. डब्यात टाकायच्या आधी माळ पुसून दिवसभर सुकवायची, कारण वर बसलेलं मीठच ओल ओढतं.

पुन्हा घ्यायची झाली तर यूएसबीची आधी, मग पेन्सिल सेलांची, तीही झाकण नीट बसणारी आणि जाड स्प्रिंगांची. बुचाच्या माळा घरात लहान मुलं असतील तर नकोतच. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, आणि या बुचांचं झाकण नुसत्या बोटाने निघतं, स्क्रू नसतो. सेलही एखाद्या संध्याकाळीपुरतेच चालतात.