रुंद पिंजरा आणि लाकडी स्टँड: तीन पक्ष्यांसह एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

जळगावातील आमच्या घरी एक कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा विदेशी पोपट) मादी आणि दोन बजरीगर (त्याहून लहान विदेशी पोपट) नर आहेत. देशी पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येत असल्याने तो पाळण्याचा विचार केला नव्हता. दिवाळीनंतर जुने उंच, गोल पिंजरे काढून दोन आडवे रुंद पिंजरे आणि पक्ष्यांना पिंजऱ्याबाहेर बसण्यासाठी चाके असलेला एक लाकडी स्टँड घेतला. पिंजऱ्यांबद्दल तक्रार नाही. बजरीगरांच्या पिंजऱ्यात गजांमधील अंतर सव्वा सेंटिमीटरच्या आत असल्याने डोके अडकण्याची भीती राहत नाही. सोबत मिळणारा आरसा मात्र आधी काढावा, कारण पक्षी प्रतिबिंबालाच जोडीदार समजून त्यात गुंतू शकतो.

खरा उपयोग स्टँडचा झाला. पिंजऱ्यात हात घालणे म्हणजे पक्ष्याच्या घरात घुसणे. स्टँडवर मात्र जवळ यायचे की नाही, हे तो स्वतः ठरवतो. कॉकाटीलचा तुरा पाहिला की तिची मनःस्थिती कळते: दचकली की तो ताठ उभा राहतो, रागावली की मागे चपटा होतो आणि ती फुत्कारते. तुरा सैल ठेवून तिने मान खाली घातली, तरच मी डोके आणि गाल हलकेच खाजवतो. पाठीवरून हात फिरवणे टाळतो, कारण तो स्पर्श तिला मिलनाचा संकेत वाटू शकतो आणि अकारण अंडी घालण्याची वेळ येऊ शकते.

बजरीगरांना हे लाड मुळीच नकोत. थोरला राळ्याच्या कणसासाठी बेधडक खांद्यावर येतो आणि आईकडून उचललेले अहिराणी ‘कसा शे?’ (कसा आहेस?) दिवसभर ऐकवतो. धाकटा अजूनही हाताला शिवत नाही. पण मी शेजारी वाचत बसलो की तो स्टँडच्या माझ्याकडील टोकाला येऊन पिसे फुलवतो आणि चोच हलकेच घासू लागतो. निर्धास्त पक्षीच असे करतो, म्हणून त्याला हातावर बसवण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला तेव्हा चाके कामी आली. चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर दिसले, की स्टँड कूलरच्या खोलीत नेत असू, पण थेट झोतात ठेवत नसू. भरिताची वांगी भाजताना किंवा नॉन-स्टिक तवा तापवताना पक्षी स्वयंपाकघरापासून लांब नेणे अत्यावश्यक आहे; फार तापलेल्या तव्याच्या वाफा त्यांचा जीव घेऊ शकतात.

उणीव एकच: स्टँडचे दांडे एकसारखे गुळगुळीत आहेत. पायांना वेगवेगळी जाडी मिळावी म्हणून मी दोन दांड्यांच्या जागी फवारणी न झालेल्या पेरूच्या फांद्या बसवल्या. शिवाय कॉकाटीलच्या पिसांची पांढरी भुकटी स्टँडखाली सतत पडते, तेव्हा घरात कोणाला दमा असल्यास स्टँड जरूर घ्यावा, पण कॉकाटील टाळावी.