सहा महिने ऑनलाइन स्प्रिंट कोचिंग: सगळं एकवेळ चालेल, पण तो ९० सेकंदांचा टायमर बदला

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांचाच एक कोच आता मला मनापासून मदत करायलाय. पॅकेजमध्ये काय काय मिळतं तर दोन दिवस जिम, दोन दिवस ग्राउंड, चॅट सपोर्ट. मी ४२ वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला, मास्टर्समध्ये चाळीसच्या वरच्या गटात १०० आणि २०० मीटर पळतो. एकदम सहा महिन्यांचे भरले तर एक महिना फुकट म्हणून सगळे भरून टाकले, तुम्ही तसं करू नका, आधी एकाच महिन्याचे भरा.

आता टायमर. ६० मीटर फुल स्पीड, सहा वेळा, मध्ये ९० सेकंद रेस्ट, आणि हा रेस्ट आपल्याला बदलताच येत नाही! अहो, पूर्ण ताकदीनं पळाल्यावर स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटक्याच्या ताकदीचं इंधन, खर्च होतं, ते नीट भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. जुने स्प्रिंट कोच दर दहा मीटरला एक मिनिट रेस्ट धरतात, म्हणजे साठ मीटरला सहा मिनिटं. दीड मिनिटात परत पळवलं की तो दमाचा व्यायाम होतो, स्पीडचा राहत नाही.

पाचव्या आठवड्यात नाइट शिफ्ट करून तसाच लेले ग्राउंडवर गेलो, चौथ्या फेरीला शेवटच्या पंधरा मीटरात उजव्या मांडीच्या मागं कळ आली आणि बसलोच. पाय पुढं टाकताना टेकायच्या आधी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचं स्नायू, ताणलेलं असतानाच पायाला ब्रेक लावत असतं, थकलेलं असलं की तिथंच फाटतं. चॅटवर तीन दिवस एकच उत्तर, वॉर्मअप नीट करा. रिफंड नाही म्हणाले.

त्यातच खानापूरच्या माझ्या भाच्यानं तोच प्लॅन घेतला होता, १९ वर्षांचा पोरगा, अग्निवीर भरतीची तयारी करतोय, त्याला पळायचंय १६०० मीटर आणि मारायच्यात बीमला पुलअप्स. दोघांचे मोबाइल शेजारी ठेवले तर पहिला महिना अक्षर न् अक्षर सेम! वर नाव काय तर पर्सनल प्लॅन. पर्सनल कसं असतं बघा, उसेन बोल्टचा पाठीचा कणा वाकडा होता, म्हणून कोच ग्लेन मिल्सनी त्याच्या पोट-पाठीच्या ताकदीवर खास लक्ष दिलं. आमच्या गल्लीतल्या तालमीत वस्ताद पोराची चाल बघूनच ठरवायचे आज किती जोर, किती बैठका. एवढंच तर पाहिजे होतं मला.

हे सगळं स्क्रीनशॉटसकट पाठवलं, भांडलो, तेव्हा तिसऱ्या महिन्यात खरा माणूस मिळाला, आणि इथून माझं मत बदललं. त्यानं पहिल्या कॉलला पळण्याबद्दल विचारलंच नाही, शिफ्ट कधी, झोप किती, आधी कुठं दुखलं होतं ते विचारलं, मग बाजूनं काढलेला व्हिडिओ मागितला. नाइटनंतर स्पीड बंद, दोन फास्ट सेशनच्या मध्ये ४८ तास, स्क्वॉटला जास्तीत जास्त वजनाचे ठरलेले टक्के लावायचं काढून टाकलं, अजून दोनदाच उचलता येईल असं वाटलं की बार ठेवायचा. आठवड्यात दोनदा नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवून अंग हळूहळू पुढं सोडायचं, पहिले पंधरा दिवस जिना उतरताना रडकुंडीला आलो, पण हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी करायला हाच व्यायाम अभ्यासांत उतरलाय म्हणून सोडला नाही. पावसाळ्यात ग्राउंडवर लाल चिखल झाला तर त्यानं तो आठवडा जिन्यावर आणि जिममध्ये वळवून दिला. माझं १०० मीटरचं हातानं लावलेलं टायमिंग १३.६ सेकंदांवरून १३.२ वर आलंय आणि मांडी परत दुखली नाही.

म्हणजे हा कोच असेल तर पैसे वसूल आहेत, नुसतं अ‍ॅप असेल तर नाही. पुढच्या महिन्यात माझे सहा महिने संपतात, तोच कोच मिळणार असं लिहून दिलं तरच भरणार, तेही महिन्याचे.

टायमर अजून ९० सेकंदच आहे. मी मोबाइल बॅगेत ठेवतो आणि मनगटावरच्या घड्याळात सहा मिनिटं लावतो. आज सकाळी परत लिहिलंय त्यांना, हा सातवा मेसेज.